रंगाचा रकाना

बडोद्याला समुद्र नाही.
विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत,
आणि प्राणिशास्त्राच्या जुन्या इमारतीत, तळमजल्याला,
माझ्या ताब्यात अठ्ठावीस कपाटं.
सत्ताविसाव्यात पोवळी.

पोवळं म्हटलं की लोक बोट पुढे करतात,
अंगठी घातलेलं, मंगळ कडक असलेलं.
ही तसली नव्हेत.
एक मेंदूसारखं, एक मधाच्या पोळ्यासारखं,
एक तर थेट कोबीचा गड्डा.
ओखामंडळ बडोद्याच्या राज्यात होतं
तेव्हापासूनची आहेत काही. त्यांच्या चिठ्ठ्या मोडीत,
मला वाचता येत नाहीत, पण धूळ मीच पुसते.

धुणं मला खानविलकरांनी शिकवलं.
नोकरीचा दुसरा दिवस. नाकाला पदर,
पुढ्यात पत्र्याचा टप, ब्लीचिंग पावडरचं पाणी.
तीन रात्री ठेवायचं. मांस सुटतं.
वासही सुटतो, तो जेवताना हाताला येतो.
मग नळाखाली, मग गच्चीवर उन्हात.
"दगड नव्हे हा, मालिनी. चाळ आहे.
खोली खोली बघ. आणि खोलीत पोटभाडेकरू,
शेवाळ, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक.
तेच उन्हावर रांधतं, मालकाला वाढतं,
रंगसुद्धा त्याचाच."
पांढरंशुभ्र निघालं की ते खूश व्हायचे.
मीही व्हायचे, खोटं कशाला बोलू.

यंदा मे महिन्यात हेतल नराऱ्याहून आली,
नाक सोललेलं, चपलांत वाळू.
"मासी, जुओ," म्हणत फोन धरला.
मी चष्मा पुसला, बघितलं, म्हणाले,
छान धुतलंय गं. कुणी धुतलं?

ती काही बोलली नाही.
चित्रात पाणी हललं.
पांढऱ्याच्या फटीतून एक मासा,
जिवंत, आला आणि निघून गेला.

पाणी तापलं की पोवळं घाबरतं म्हणे,
आपल्याच स्वयंपाक्याला घराबाहेर काढतं
आणि उपाशी बसून राहतं.
मेलेलं नसतं अजून.
काही आठवडे वाट बघतं, पाणी निवलं तर निवलं.

त्या दिवशी बडोदं चव्वेचाळीसवर होतं.
आमचा एसी, नमुन्यांसाठी चोवीस तास चालणारा,
मागच्या कडुनिंबावर गरम श्वास सोडत होता.

मग मी खानविलकरांचं रजिस्टर काढलं.
क्रमांक, जागा, ओहोटीची वेळ, आणि शेवटी रकाना:
रंग, जिवंतपणीचा.
गुडघाभर पाण्यात उभं राहून लिहिलेलं असणार,
शाई जागोजाग फुटलेली.
"ओल्या गुळाचा."
"मुगाच्या कढणाचा, कडेला जांभळट."
"शिळ्या चहाचा."
"सोललेल्या वालाचा, बिरड्याच्या."

हेतल उतरवून घेत होती, थांबली.
"मासी, बिरडं एटले शुं?"
सांगू गेले. पिवळा? नाही.
हिरवा म्हणावा तर तोही नाही.
चाळीस वर्षं मी मराठीतच रांधत आले
आणि एका रंगाला शब्द सापडेना.

दांडिया बाजारातून वाल आणले.
भिजवले, फडक्यात बांधले, मोड आले,
रात्री टीव्हीसमोर बसून सोलले.
शिजवले नाहीत. तसेच डब्यातून नेले.

तिने तळहातावर घेतले, खिडकीशी गेली,
बराच वेळ उलटेपालटे करत राहिली.
मग कपाटातलं मेंदूसारखं पोवळं टेबलावर ठेवून
एकेका खळग्यात एकेक वाल बसवू लागली.
मी नको म्हणायला हवं होतं. नमुना आहे तो.

अकरा बसले.
बारावा घरंगळला, कपाटाखाली गेला.
आम्ही दोघी फरशीवर ओणव्या,
तिच्या फोनचा उजेड,
माझी फूटपट्टी
आणि कपाटाखाली केवढा तरी अंधार.